साय खरवडली आणि ठिणगी पळाली

काकांनी पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला तेव्हा अण्णांचे डोळे चमकले होते. डब्यात पेढे नव्हते. कापसात गुंडाळलेली एक वाटी होती, तळहातावर मावणारी, शेवाळलेल्या तपकिरी रंगाची, आणि काठापासून बुडापर्यंत तडकलेली. आतल्या भिंतीत पितळेचे चार तुकडे बसवलेले, बाहेरून चार वायरींची चार भोकं.

"ह्येच्यासारखी दुसरी करून द्यायची बघा," काका म्हणाले. "गाडी आजोबांची हाय. चार वर्षं झाली, जागची हललेली न्हाई."

गाडी म्हणजे बुलनोज मॉरिस कौली, १९२५ची. गोल तोंडाच्या रेडिएटरची. काका कोल्हापूरहून एसटीने भोसरीला आले होते, तीन वर्कशॉपमधून "एक नग? नाही जमणार" ऐकून चौथ्या दारात. आमचं दार चौथं.

आमचं काम बेकेलाइट मोल्डिंगचं. कुकरची हँडलं, बरण्यांच्या झाकणांच्या गुंड्या, पूर्वी स्विच आणि होल्डरसुद्धा. अण्णांनी हे दोन प्रेसवर सुरू केलं, मी टूल डिझाइनचा डिप्लोमा करून इथेच बसले. सगळं काम हजारांत मोजायचं. एका नगासाठी डाय, म्हणजे पोलादी साचा, करणं म्हणजे एका पाहुण्यासाठी मांडव घालणं. पण अण्णांनी ती वाटी उचलली, अंगठ्याने खसाखसा घासली आणि नाकाशी नेली. "गंधक," म्हणाले. "एबोनाइट आहे. पोरी, हे बेकेलाइटच्या आधीचं." आणि काम आमच्या अंगावर आलं.

ही वाटी करते काय, ते आधी सांगते. या गाडीला दिवे लावायला आणि स्टार्टर फिरवायला बॅटरी आहे, पण इंजिनाची ठिणगी बॅटरीतून येत नाही. ती मॅग्नेटोतून येते. नालेसारख्या लोहचुंबकात एक आर्मेचर फिरतं, त्यावर थोड्या वेढ्यांची जाड तार आणि हजारो वेढ्यांची केसासारखी बारीक तार. ब्रेकर पॉइंट, म्हणजे जाड तारेतला प्रवाह तोडणारा संपर्क, उघडला की बारीक तारेत काही हजार व्होल्टचा झटका उठतो. तो एका कड्यावरून कार्बनच्या ब्रशने उचलायचा आणि चार सिलिंडरना पाळीपाळीने वाटायचा. वाटप होतं ते या वाटीत. मधोमध एक फिरकी असते, इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरणारी, तिच्या टोकाला दुसरा कार्बन ब्रश. तो वाटीच्या आतल्या भिंतीला घासत जातो: पितळ, मग काळी भिंत, पुन्हा पितळ. पितळेवर असेल तेव्हा त्या सिलिंडरला ठिणगी. काळ्या भिंतीचं काम एकच, काही हजार व्होल्ट अडवून धरणं.

हाय टेन्शन मॅग्नेटो बॉशच्या गोटलोब होनोल्डने १९०२ साली उभा केला, तेव्हा असल्या कामासाठी हाताशी होतं ते एबोनाइट: रबरात भरपूर गंधक घालून दगडासारखं कडक केलेलं. वीज उत्तम अडवतं, खराद्यावर लोण्यासारखं कापलं जातं. पण इंजिनाच्या उबेत नरम पडतं, आणि उन्हा-हवेत वर्षानुवर्षं राहिलं की पृष्ठभागावरचं गंधक हवेशी मिळून आम्लाचा ओलसर थर धरतं. तो शेवाळी रंग त्याचाच.

न्यूयॉर्कजवळ यॉन्कर्सला लिओ बेकलँडने फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडची राळ उष्णता आणि दाबाखाली पक्की करायचं पेटंट १९०७मध्ये मागितलं, १९०९मध्ये ते मिळालं, आणि गाड्यांची वीज सांभाळणाऱ्यांनी हा माल लगोलग उचलला. न्यू जर्सीच्या बून्टन गावात रबराचे भाग दाबणारे बेकेलाइट दाबायला लागले. डेटनमध्ये चार्ल्स केटरिंगची डेल्को कंपनी कॅडिलॅकसाठी बॅटरीवरची इग्निशन बनवत होती, १९१२च्या कॅडिलॅकला तिचाच इलेक्ट्रिक स्टार्टर बसला. एकदा पक्कं झालं की बेकेलाइट पुन्हा वितळत नाही, तेलाला भीत नाही, आणि साच्यातून निघतं ते आटे, भोकं, पितळ सगळं जागच्या जागी घेऊन. या शेवटच्या वाक्यावर मी पुढे सात महिने दात ओठ खाल्ले.

आधी सोपे मार्ग चाचपले. माझा मुलगा म्हणाला, थ्रीडी प्रिंट मार. त्या प्लास्टिकची वाटी इंजिनाशेजारी आठवडाभर ठेवून ती कशी चपटी होते ते त्यालाच दाखवलं. नायलॉनचा दांडा खराद्यावर कातता आला असता, पण नायलॉन पाणी पितं. हायलमच्या जाड पत्र्यातून कापावं, तर तो कापडाचे किंवा कागदाचे थर चिकटवून केलेला, कापलेल्या कडेला थर उघडे पडतात आणि वीज थरांमधून वाट काढते. उरलं आमचं आम्हालाच: डाय करा, पावडर भरा, दाबा.

मापं घेतली. बाहेरचा व्यास ६८ मिमी, ब्रश फिरतो तो आतला व्यास ४४, उंची २५. पितळेचा प्रत्येक तुकडा ३ मिमी जाड आणि सुमारे १४ मिमी रुंद, दोन तुकड्यांमध्ये २० मिमीची काळी भिंत. बेकेलाइट साच्यातून निघून थंड झालं की आकसतं. आम्ही वापरतो त्या लाकडाच्या भुशाच्या पावडरीत हजाराला सात, म्हणजे ४४ला ०.३ मिमी. तेवढा डाय मोठा करायचा.

पहिली डाय मी साधी केली. मधे पोलादी गाभा, त्याला टेकवून चार पितळी तुकडे, भोवती पोकळी, वरून पंच. बाहेरून चार पिना आत येऊन तुकड्यांच्या पाठीला टेकायच्या. पिना नंतर काढल्या की वायरींची भोकं आपोआप तयार. कागदावर सुंदर दिसत होतं.

प्रेसवर मामा. हे कुणाचेच मामा नाहीत, आमच्याकडे तीस वर्षं आहेत म्हणून सगळ्यांचे. ते पावडर कधी तराजूवर मोजत नाहीत, ओंजळीवर मोजतात आणि मग मी मोजते आणि ग्रॅम-दोन ग्रॅमचा फरक निघतो. या वाटीला ८५ ग्रॅम लागली, सांडणीसह, म्हणजे डायच्या फटींतून बाहेर सांडणाऱ्या मालासह, ९२. पावडर ट्रेमध्ये शंभर डिग्रीला जरा गरम करून घ्यायची, म्हणजे आतला ओलावा जातो आणि ती लवकर पाझरते. डाय १६५ला. पितळ आधीच डायमध्ये बसवून गरम होऊ द्यायचं. थंड पितळ गरम राळेत गेलं की भोवती ताण धरतं आणि चार दिवसांनी न विचारता तडा जातो. मग प्रेस खाली. क्षेत्रफळावर चौरस सेंटीमीटरला ३०० किलो धरले तर आम्हाला अकरा टन हवे होते, प्रेस तीस टनी, हातपंपाची. दोन-तीन सेकंदांत मामा दाब सोडून प्रेस केसभर उघडतात आणि पुन्हा बंद करतात. याला आम्ही श्वास देणं म्हणतो. फस्स करून वाफ आणि वायू बाहेर पडतो, नाकाला अमोनिया झोंबतो. हा श्वास दिला नाही की आत फुगे राहतात. मग ५-६ मिनिटं गप्प बसायचं. १२ मिमीची भिंत आतपर्यंत शिजली पाहिजे.

कच्चं राहिलं का हे बघायची अण्णांची परीक्षा जुनी आहे: नग पाण्यात उकळायचा. शिजलेला चकाकी टिकवतो, कच्चा राखेसारखा मळकट होतो. पहिले दोन मळकट झाले. तिसरा पास.

पण तिसऱ्यात पितळेचा एक तुकडा गाभ्यापासून अर्धा मिमी सरकला होता. साहजिक आहे. घट्ट गोळा वरून दाबाखाली खाली येतो, वाटेत जे येईल त्याला ढकलतो. चौथ्यात दोन तुकडे सरकले, पाचव्यात एक, पण भलत्याच बाजूचा. मी वैतागले. अण्णा म्हणाले, "कातून घे की. जरा कमी व्यासाचा काढ आणि खराद्यावर पितळ-बेकेलाइट एकदम समान कर. एबोनाइटवाले तेच करायचे." मला पटलं. गाभा बारीक केला, नग काढला, शेजारच्या टर्नरकडे नेऊन आतून कातून घेतला, चारशेच्या पॉलिश पेपरने, मग बफाने. काय देखणा दिसत होता! पितळ सोन्यासारखं आणि काळी भिंत आरशासारखी, बोट फिरवलं तर कुठे एक संपून दुसरं सुरू होतं ते कळेना.

एक हजार व्होल्टचा मेगर लावला, वीज किती अडते ते मोजणारं मीटर. काटा अनंतावर. काकांना फोन केला.

ते जूनमध्ये घेऊन गेले. गाडी पहिल्या हँडलला सुरू झाली म्हणाले, मला फोनवर आवाजही ऐकवला. गल्लीतली पोरं ओरडत होती. दहाव्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. रात्रभर पाऊस होता, गाडी शेडमध्ये, आणि आता इंजिन फटफटतंय, तीन सिलिंडरवर, मग दोनवर, मग बंद. मॅग्नेटो उघडला तर वाटीच्या आत एका पितळी तुकड्यापासून दुसऱ्यापर्यंत एक रेघ. काळ्यावर काळी, पण तिरपा उजेड टाकला की दिसते. झाडाच्या मुळ्यांसारखी, फाटे फुटलेली.

वीस मिमी! हवेत पाच-सहा मिमीची ठिणगी उडवेल तेवढा तो व्होल्टेज, आणि माझ्या आरशासारख्या भिंतीवरून तो वीस मिमी चालत गेला होता.

यातलं अर्धं मला पुस्तकातून माहीत होतं. बेकेलाइटच्या पोटातून वीज सहसा जात नाही. ती अंगावरून जाते. ब्रशचा कार्बन झिजून बारीक भुकटी भिंतीवर बसते, तिला ओल मिळाली की एक पुसट वाट तयार होते, त्या वाटेने आधी चिमूटभर करंट गळतो, जिथे गळतो तिथे बेकेलाइट जळतं. आणि चिनी मातीसारखं ते नुसतं काळवंडत नाही, जळून कोळसा होतं. कोळसा स्वतःच वीज नेतो. म्हणजे वाट एकदा पडली की तीच स्वतःला पक्की करत जाते. पुसून उपयोग नाही, खरवडून तर नाहीच नाही.

पण मला एक कोडं सुटेना. त्याच काळात त्याच कंपन्यांचे बेकेलाइटचे भाग वर्षानुवर्षं चालले. माझा दहा दिवसांत का गेला? पावडर चांगली, शिजवणूक चांगली, मेगर अनंतावर.

मी वाटी मामांच्या समोर ठेवली. ते चहा पीत होते. त्यांनी ती तिरपी धरून बघितली आणि म्हणाले, "आतून कातलंय ना? मग साय गेली."

"काय गेली?"

"साय. आपल्या हँडलला बघा. दाबून निघालं तसं असतं तिथं वर्षानुवर्षं भांडी घासली तरी काळं कुळकुळीत. पण जिथं आपण सांडणी फायलीने काढतो त्या कडेला पांढरट रेघ येते, खरखरीत होते. साय काढली की ते पाणी पितं."

मी तीस वर्षं तीच हँडलं बघते आहे. घरच्या कुकरच्या हँडलवर ती पांढरी रेघ आहे, रोज हात लागतो.

मोल्डिंग करताना राळ साच्याच्या पोलादाला लागून निथळ जमते आणि भुसा आत राहतो. पृष्ठभागावर केसाहून बारीक असा जवळजवळ निव्वळ राळेचा थर तयार होतो. कातला, घासला, बफ केला की तो गेला, आणि खाली जे उघडं पडतं ते लाकूड. राळेत बुडालेलं खरं, पण हजारो कापलेली टोकं उघडी पडलेलं लाकूड. त्याला चकाकी आणता येते. ते पाणी पीत नाही असं मात्र करता येत नाही.

खात्री करायची म्हणून मी मागे पडलेल्या नगांपैकी दोन घेतले, एक कातलेला, एक साच्यातून निघाला तसा. दोन्ही स्टीलच्या मोठ्या डब्यात, तळाशी ओलं फडकं, झाकण घट्ट, रात्रभर. सकाळी मेगर. न कातलेला अजून अनंताच्या जवळ. कातलेला वीस मेगओहमवर आला होता. आदल्या दिवशी कोरडे असताना दोघांत फरक शून्य. आपण ज्याला तपासणी म्हणतो ती कशाची असते, याचा मला त्या सकाळी जरा रागच आला. कोरड्या खोलीत तपासून मी पावसाळ्यात वापरायची वस्तू पास केली होती.

अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग, "एबोनाइटला साय नसते. ते आतबाहेर एकच. म्हणून त्यांना कातलेलं चालायचं," एवढंच. म्हणजे त्यांचा सल्ला चुकीच्या मालाला बरोबर होता. त्या दिवशी ते लवकर घरी गेले.

आता अट एकच झाली: आतल्या भिंतीला हत्यार लावायचं नाही. साच्यातून जे निघेल तेच शेवटचं. म्हणजे पितळ सरकता कामा नये, केसभरही नाही.

दुसरी डाय करायला दोन महिने गेले, मधे कुकरचं काम थांबवता येत नव्हतं. या वेळी पावडर पोकळीत भरायची नाही असं ठरवलं. वर एक वेगळा कटोरा, त्यात पावडर आधी वितळवायची आणि पंचाने बारीक दारातून खाली ढकलायची, म्हणजे ती पातळ होऊन तुकड्यांभोवती वाहते, त्यांच्यावर आदळत नाही. याला ट्रान्सफर मोल्डिंग म्हणतात. माल जास्त वाया जातो, कारण कटोऱ्यात उरलेलं पक्कं होतं आणि बेकेलाइट पुन्हा वितळत नाही; सरळ कचऱ्यात. बाहेरची पोकळी दोन फाकांची केली आणि निमुळत्या कड्यात घट्ट बसवली. चार पिनांना मागे आटे दिले, आता त्या नुसत्या टेकत नाहीत, पितळेला गाभ्यावर आवळून धरतात. पितळी तुकड्यांच्या कडांना आतून खाच दिली, म्हणजे राळ खाचेत शिरून त्यांना कायमचं पकडेल. माल शिरतो त्या दाराचा व्रण बाहेर, बुडाला, पितळेपासून लांब. दोन फाकांची सांडणीची रेघसुद्धा बाहेरच. जिथे फाइल लागणार ती जागा विजेच्या वाटेत येऊ द्यायची नाही, हे मी डायच्या ड्रॉइंगवर लाल पेनाने लिहून ठेवलं होतं. गाभ्याला हार्ड क्रोम करून आणलं. बफ करायचाच होता तर पोलाद करायचं.

पावडरही बदलली. लाकडाच्या भुशाऐवजी अभ्रकाची. अभ्रक पाणी पीत नाही, उष्णता झेलतो, आणि आकसणं निम्म्याहून कमी. झारखंडातल्या कोडर्म्याचा अभ्रक एकेकाळी जगभरच्या विजेच्या कारखान्यांत जायचा, आणि मला माझ्या वाटीसाठी पाच किलो पावडर कोणी सुटी देईना. पंचवीस किलोचं पोतं घ्या, नाहीतर राहू द्या. पोतं घेतलं. त्यातलं बावीस किलो अजून आहे, कुणाला हवं असेल तर या.

आकसणं बदललं म्हणून गाभ्याचं माप पुन्हा काढावं लागलं. गाभ्याला अर्धा अंश उतार दिला, नाहीतर नग आकसून त्याला मिठी मारतो. ब्रशमागे स्प्रिंग असते, तेवढा उतार तिला जाणवत नाही.

पहिले दोन नग गेले. एकात कटोऱ्यातली पावडर खाली उतरायच्या आतच पक्की झाली, वाटी अर्धीच भरली. दुसऱ्यात एक पीन उलटी फिरवताना तुटली आणि मामांनी जे शब्द वापरले ते इथे लिहिता येणार नाहीत. तिसरा निघाला. गरम असतानाच गाभ्यावरून काढून मामांनी तो कढत वाळूत पुरला, सावकाश निवायला.

दुसऱ्या दिवशी बघितलं. पितळ चारही जागच्या जागी. पण पितळेवर राळेचा पापुद्रा चढला होता, पिनांनी कितीही आवळलं तरी थोडी राळ झिरपतेच. इथे हात शिवशिवले. पेपरचा एक हात मारला की साफ, पण तो पेपर शेजारच्या काळ्या भिंतीलाही लागणार. मग मामांनी बांबूची कामटी तासून दिली आणि मी भिंगाखाली दुपारभर फक्त पितळेवरचा पापुद्रा काढत बसले. बांबू पितळेला ओरखडत नाही, बेकेलाइटलाही नाही.

एक गोष्ट मी आधी दुर्लक्षित केली होती, अमोनिया. आपल्या नेहमीच्या पावडरीत राळ पक्की करायला हेक्सामिन असतं, ते फुटून अमोनिया सुटतो. बराचसा श्वासात जातो, पण थोडा नगात राहतो आणि नंतर हळूहळू निघत राहतो. उघड्या हँडलला काय फरक पडतो? पण मॅग्नेटोचं पोट बंद असतं आणि आत पितळ असतं, अमोनिया पितळेचा वैरी. पहिल्या वाटीचं सोन्यासारखं पितळ दहा दिवसांत हिरवट झालं होतं ते मी पावसाच्या माथी मारलं होतं. या वेळी नग ओव्हनमध्ये १३० डिग्रीला आठ तास ठेवला. ओव्हन उघडला तेव्हा वास आला, म्हणजे काहीतरी बाहेर पडलं.

आणि इथे एक वेगळंच सांगते, कारण जुन्या गाड्यांवर हौसेने काम करणारे पुष्कळ आहेत. उष्णतेजवळच्या जुन्या काळ्या भागांच्या पावडरीत पूर्वी सर्रास अ‍ॅस्बेस्टॉस घालत. असे तुटके भाग कोरडे घासू नका, ग्राइंडरवर तर मुळीच धरू नका. पाणी लावून, मास्क बांधून. आमच्या अण्णांच्या पिढीने हे कुणी सांगितलंच नाही म्हणून केलं, आणि त्यांचा खोकला आम्ही रोज ऐकतो.

तपासणी आता वेगळी होती. आधी ओल्या फडक्याच्या डब्यात तीन रात्री. मग पितळेच्या मधल्या भिंतीवर जुन्या ब्रशची कार्बनची भुकटी कापसाने चोळली, मुद्दाम. मग एका जुन्या पद्मिनीची इग्निशन कॉइल, बॅटरी आणि ब्रेकर जोडून समोरासमोरच्या पितळेला झटके दिले, आणि वर्कशॉपचे दिवे घालवले. अंधारात सगळे उभे, मी, मामा, माझा मुलगा, आणि अण्णा खुर्चीत. आधी कातलेली जुनी वाटी लावली, तुलनेला. तिच्यावर जांभळ्या रेघा सरपटताना दिसल्या, सापाच्या पिल्लांसारख्या, ओझोनचा तो पावसाआधीच्या विजेसारखा वास. मग नवी लावली. पितळेच्या कडांना निळसर आभा, बस. भिंत काळीच. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मुलगा म्हणाला, "बंद पडलंय का?" मी शेजारची मोकळी वायर जवळ आणली तर ठिणगी कडकडून उडाली, तेव्हा कळलं सगळं चालू आहे, जायला वाट मिळत नाहीये एवढंच.

त्याच साच्यात आणखी तीन काढले. दोन चांगले, एकाला केसभर तडा. काकांना डायचे पैसे एका नगाच्या हिशोबाने कधीच देता आले नसते, मी मागितलेही नाहीत. पावडर, क्रोम आणि मामांच्या तीन रविवारांचे घेतले. अण्णांनी त्यावर मला शहाणपणा शिकवला नाही, हेच आश्चर्य.

काका ऑक्टोबरमध्ये येऊन घेऊन गेले. या वेळी डब्यात खरे पेढे होते. पुढच्या पावसाळ्यात, जुलैच्या मध्यावर, मीच फोन केला. कोल्हापुरात पंचगंगा पात्राबाहेर आली होती, बातम्यांत दाखवत होते.

"गाडी?" मी विचारलं.

"चालतीया की. काल भर पावसात रंकाळ्याला चक्कर मारून आलो. ठिणगी एकदम कडक."

"मग आत काही रेघ वगैरे? उघडून बघितलंत?"

"बघितलं. काय न्हाई." जरा थांबून म्हणाले, "एकच हाय. आजोबांचं ते जुनं जरा हिरवट, तपकिरी दिसायचं. तुमचं लई काळं दिसतंय ओ. ते काय जरा जुनं करून देता येतंय का?"